तपशील आत, रक्कम बाहेर

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे उतरलेला माल विकला गेला की शेतकऱ्याच्या हातात एक वीतभर कागद पडतो. त्याला पट्टी म्हणतात. माल किती आला, काय भावाने गेला, खर्च किती वजा झाला आणि पदरात किती पडले, एवढा सगळा व्यवहार त्या कागदावर असतो. शेतकरी आधी तळची रक्कम बघतो, मग भाव बघतो आणि पट्टीची घडी करून खिशात घालतो. या कागदावर कोणता आकडा कुठे लिहायचा, कोणता बाहेर ठेवायचा आणि कोणता आत सरकवायचा, हे ठरवण्यामागे मोठा इतिहास आहे. त्यात पेशव्यांचे फडणीस आहेत, सुप्याच्या बाजारात खतपत्रे जाळणारे शेतकरी आहेत, इंग्रजी अमदानीतले छापील नमुने आहेत आणि संगणकाच्या पडद्यासमोर बसलेले आजचे प्रोग्रॅमरही आहेत.

नमुन्यादाखल एक पट्टी घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

२५,०००  कांदा ३० पिशव्या, विक्री
        १८,०००  २० पिशव्या, १,००० किलो, १० किलोस १८० रुपये
         ७,०००  १० पिशव्या, ५०० किलो, १० किलोस १४० रुपये
 २,७९०  वजा खर्च
           ३००  हमाली
            ९०  तोलाई
         २,४००  मोटारभाडे
२२,२१०  निव्वळ देणे

इथे बाहेरच्या कडेला तीनच आकडे आहेत. वरून खाली तेवढे वाचले तरी सौदा समजतो. एखाद्या आकड्याचा संशय आला तर त्याच्याखाली आत सरकवलेल्या ओळी वाचायच्या. अठरा हजार आणि सात हजार मिळून पंचवीस हजार. म्हणजे दोन प्रतींचा माल होता आणि दोन भाव मिळाले. तीनशे, नव्वद आणि चोवीसशे मिळून दोन हजार सातशे नव्वद. ‘या रकमेचे भाग पुढीलप्रमाणे’ असे कुठेही लिहिलेले नाही, तरी कोणता आकडा कोणाच्या पोटातला हे डोळ्याला कळते. हीच पट्टी सलग एका ओळीत लिहिली तरी आकडे तेच राहतील आणि बेरीजही चुकणार नाही. मात्र ती तपासायला शेतकऱ्याला दुसरा कागद आणि पेन लागेल. बाजाराच्या गर्दीत, परतीचा टेम्पो उभा असताना, तो ते करणार नाही.

सळ, सिरा आणि पेटा

देशी नाम्याची वही अनेकांनी दिवाळीत पूजेच्या पाटावर पाहिलेली असते. लाल कापडी पुठ्ठा, पांढऱ्या दोऱ्याची शिवण, लांबट कोरी पाने. तिच्या आत छापील रेघ नसे. लिहायला बसण्याआधी दिवाणजी पानाला घड्या घालून त्या दाबून घेत. पान उघडले की त्यावर उभ्या आठ पट्ट्या उमटत. त्यांना सळ म्हणत. चार सळ जमेच्या, चार नावेच्या. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. प्रत्येक बाजूची पहिली सळ म्हणजे सिरा आणि उरलेल्या तीन म्हणजे पेटा.

सिऱ्यात फक्त एकूण रक्कम लिहायची. कोणाचे खाते, कशाबद्दल, कोणाच्या हस्ते, कोणत्या मितीला, हे सारे पेट्यात. रकमेची फोड असेल तर तीही पेट्यातच, एकेका ओळीवर एकेक. दिवसअखेर बेरीज करताना सिरा तेवढा वरून खाली वाचत जायचे. पेट्यातले आकडे बेरजेत धरायचे नाहीत, कारण ते सिऱ्यातल्या रकमेत आधीच आलेले असतात. पेट्यातला आकडा चुकून सिऱ्यात पडला तर तीच रक्कम दोनदा मोजली जाई आणि संध्याकाळी रोकड जुळत नसे. आकडा कोणता आहे याइतकेच तो कुठे आहे याला मोल होते. पेढीवर उमेदवारी करणाऱ्या पोराला अंकगणिताच्या बरोबरीने हे शिकावे लागे.

रोजकिर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडतील तसे उतरत. तिथून ते खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जात. रोजकीर्द काळाच्या क्रमाने चाले, खतावणी माणसांच्या नावाने. दोन्हींकडे नियम तोच: रक्कम बाहेर, तपशील आत. त्यामुळे एका पेढीवर शिकलेला दिवाणजी दुसऱ्या पेढीवर गेला तरी पहिल्याच दिवशी वही वाचू शके.

वहीच्या शिवणीलाही अर्थ होता. पान काढले किंवा घातले तर ते लपत नसे. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीला १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ३४व्या कलमाने न्यायालयात जागा दिली. पण केवळ वहीतल्या नोंदीवरून कोणाच्या अंगावर देणे लादता येणार नाही, असेही त्याच कलमात सांगितले. जैन हवाला प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे असा निर्वाळा दिला, तो याच कलमाचा अर्थ लावताना.

हुजूर दफ्तरातली मांडणी

पेढ्यांच्या या शिस्तीच्या मागे मराठी राज्याचे दफ्तर उभे होते. अठराव्या शतकातला मराठी कारकून मोडीत लिहीत असे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडत जायचे. दोन शब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती. स्वल्पविराम, पूर्णविराम नव्हते. पत्र लिहिताना हे चालून जाई, कारण पत्राचे मायने ठरलेले असत आणि वाचणाऱ्याला पुढचा शब्द बहुधा ठाऊक असे. हिशेबात तसे चालणार नव्हते. ओळीच्या आत काहीच वेगळे पडत नाही म्हटल्यावर जे वेगळे पाडायचे ते कागदाच्या जागेने पाडावे लागले. जमाखर्चाचे मराठी कागद म्हणूनच पत्रांपेक्षा अगदी निराळे दिसतात. वर एकूण रक्कम, बाजूला बाब, खाली आत सरकवलेल्या फोडीच्या रकमा, त्यातल्या एखादीची आणखी फोड असेल तर ती आणखी आत, शेवटी आडवी रेघ आणि तिच्याखाली पुन्हा तीच बेरीज. माथ्यावरची रक्कम आणि पायथ्याची रक्कम जुळली की कलम मिटले.

एका रुपयाचा प्रवास पाहिला तर ही मांडणी राज्याच्या किती कामी येत होती ते कळते. महालात कमाविसदारासोबत दरकदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस हे ते आठ. पोतदार नाणे पारखी, पोतनीस शिल्लक सांभाळी, फडणीस रोजकीर्द लिही. दफ्तरदार त्या रोजकिर्दीवरून खतावणी तयार करी आणि महिन्याचा गोषवारा पुण्याला हुजुरात, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीत, पाठवी. महालात जी बेरीज पायथ्याशी होती ती पुण्यात एका मोठ्या हिशेबाच्या पेट्यातली एक ओळ होई. हुजूर दफ्तरात एकबेरीज नावाचा स्वतंत्र विभाग होता आणि तो कायम पुण्यातच असे. निरनिराळ्या दफ्तरांचे हिशेब तिथे एकत्र होत आणि साऱ्या राज्याच्या जमेचा, खर्चाचा व शिलकेचा गोषवारा तिथे निघे. गावची रक्कम परगण्यात, परगण्याची सुभ्यात आणि सुभ्याची हुजुरात, अशी प्रत्येक पायरीला ती एक जागा आत सरके. उलट दिशेने निघाले तर हुजुरातल्या एका आकड्यावरून पायरी पायरीने गावच्या कुळापर्यंत उतरता येई.

नाना फडणवीसांच्या कारकिर्दीत या दफ्तराची शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती विस्कटली. १८१८ साली राज्य गेले तेव्हा कागद इंग्रजांच्या ताब्यात आले. इनामांच्या चौकशीसाठी पुढे आणखी कागद गोळा झाले आणि १८९१ साली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या दफ्तराच्या इमारतीत हा संग्रह विसावला. आज आपण त्याला पेशवे दफ्तर म्हणून ओळखतो. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातल्या रोजकिर्दींतून वेचे काढले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांच्या आधारे पेशवाईच्या राज्यकारभारावर निबंध वाचला. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंड निघाले. मोडीतले हिशेब बाळबोधीत छापताना बेरीज वर, फोड खाली व आत, ही ठेवण जपावी लागली, कारण ती मोडली असती तर हिशेबाचा अर्थच गेला असता.

अभ्यासकाला या ठेवणीचा आणखी एक उपयोग होतो. कागदाचा तळ वाळवीने खाल्ला तरी माथ्यावरची एकूण रक्कम शाबूत असते. वाचलेल्या ओळींची बेरीज तीतून वजा केली की किती रकमेच्या नोंदी हरवल्या ते कळते. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने एकच बेरीज दोन ठिकाणी लिहिली, तिचा फायदा आज असा मिळतो.

सुपे, १८७५

एवढी तयारीची मांडणी असूनही ती सर्वांच्या उपयोगाची नव्हती. दफ्तरात एक कारकून दुसऱ्यावर नजर ठेवी. सावकाराच्या वहीत लिहिणाराही सावकार आणि वाचणाराही सावकार. ज्याच्या नावावर देणे चढे त्या कुणब्याला अक्षर ओळखता येत नसे. वही त्याच्यासमोर उघडली जाई ती अंगठा घेण्यापुरती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुप्याच्या बाजारात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढच्या दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत गेले. दक्षिणेतले दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खतपत्रे, हुकूमनामे, वह्या मागितल्या गेल्या आणि जाळल्या गेल्या. जिथे सावकाराने कागद दिले तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. चौकशीला नेमलेल्या आयोगानेही हे टिपले. कर्ज घेतले होते हे शेतकरी नाकारत नव्हते. मूळ किती होते, व्याज किती चढले, फेडीपोटी दिलेले धान्य कुठे जमा झाले, हे त्यांना दिसत नव्हते. आकडा दरसाल फुगत होता आणि त्याच्या पोटात काय आहे ते दाखवायला कोणी बांधील नव्हते.

या उठावातून १८७९चा दक्षिणी शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच्या जमिनीच्या आणि अटकेच्या तरतुदींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हिशेबाच्या मांडणीबाबत त्याने जे केले ते मला तितकेच मोलाचे वाटते. न्यायालयाने व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावा आणि हिशेब करताना मुद्दल व व्याज यांची खाती वेगळी मांडावीत, असे कायद्याने बजावले. शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळण्याचा हक्क आहे, दर वर्षी हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क आहे आणि सावकाराने हिशेब उतरवून द्यावा असे पासबुक बाळगण्याचाही हक्क आहे, असे सांगितले. ते न देणाऱ्याला दंड ठेवला. पेट्यातला तपशील धनकोच्या पेढीतून ऋणकोच्या घरी आला. वाचता येणारे थोडे होते, म्हणून या कलमांचा प्रत्यक्ष लाभ सावकाश पोचला. तरीही तपशील दाखवणे हे सावकाराचे कर्तव्य ठरले. १९४६च्या मुंबई सावकारी कायद्यानेही पुढे हीच वाट धरली.

रकान्यांचे राज्य

दरम्यान लिहिण्याची रीतच बदलत चालली होती. इंग्रजी अमदानीने छापील नमुने आणले. गावचे हिशेब क्रमांक घातलेल्या ठरावीक नमुन्यांत बसवले गेले. त्यांतले सातवा आणि बारावा हे दोन मिळून आपला सात-बारा झाला. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध पत्करली. बोरूने घडीच्या कागदावर लिहिणारा कुलकर्णी छापील रकान्यांत आकडे भरू लागला.

रकान्यांचा तक्ता ही चांगली सोय आहे. शंभर शेतांचे क्षेत्र, आकार आणि पीक लिहायचे असेल तर तक्त्याला तोड नाही, कारण प्रत्येक ओळीत तेवढ्याच आणि तशाच गोष्टी असतात. अडचण येते ती एका बाबीच्या पोटात पाच आणि दुसरीच्या पोटात एकही नसते तेव्हा. सात-बाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना उघडून पाहावा. सोसायटीचा बोजा, बँकेचे तारण, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, कुळाचा उल्लेख, कधीचे फेरफार क्रमांक, सगळे त्या अरुंद जागेत एकाखाली एक दाटीने आलेले असते. कोणती नोंद कोणत्या बोजाची, कोणती फिटली, कोणती चालू, हे ओळखताना वकिलाचाही घाम निघतो. पेट्यात या नोंदी पायरीने आत गेल्या असत्या. तक्त्याला आत जाता येत नाही. त्याचे रकाने छापखान्यातच ठरून येतात.

व्यापाऱ्यांनी मात्र पेटा सोडला नाही. पुण्याच्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत भुसाराच्या दुकानांतून लाल वह्या चालूच राहिल्या. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणे, पै यांची चिन्हे हळूहळू वहीतून गेली. तोवर पावणेसहा रुपये लिहिताना पाचाच्या पुढे तीन उभ्या मात्रा येत; आता पाच रुपये पंचाहत्तर नये पैसे आले. पाठोपाठ मण आणि शेर जाऊन क्विंटल आणि किलो आले. मोजमापे मुळापासून बदलली, पण सिरा सिऱ्याच्या जागी आणि पेटा पेट्याच्या जागी राहिला. कॉमर्सला जाणाऱ्या मुलांना ताळेबंद शिकवताना आजही ‘आतला रकाना’ आणि ‘बाहेरचा रकाना’ असे सांगतात. फोड आत मांडायची, बेरीज बाहेर काढायची. युरोपीय जमाखर्चानेही स्वतःच्या वाटेने हीच युक्ती गाठली होती.

पेठांतून गुलटेकडीला

शेतमालाच्या बाजाराचे दुखणे सावकारीच्या दुखण्याशी मिळतेजुळते होते. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत आणि माल ज्याचा त्याला तो कळत नसे. कापून घेतलेल्या रकमांना धरबंद नव्हता. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ साली नियम झाले. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा झाला. १९२८ साली शाही कृषी आयोगाने अशा कपातींवर बोट ठेवून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९चा मुंबईचा कायदा आणि त्यानंतरचा १९६३चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा, त्याखालचे १९६७चे नियम, हा सगळा त्याच वाटेवरचा प्रवास. लिलाव उघड्यावर व्हावा, वजन मान्य काट्यावर व्हावे, मंजूर असेल तेवढीच कपात व्हावी आणि विक्रीचा हिशेब विकणाऱ्याच्या हाती पडावा, हे त्याचे सार. पेठांतला घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला आणि पट्टी ही बाजाराच्या नियमातली वस्तू झाली.

पट्टीवरची प्रत्येक आतली ओळ कोणाच्या तरी हक्काची असते, हे मार्केट यार्डाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. हमाली ही हमालाची मजुरी. बाबा आढावांनी पुण्यात १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. माथाडी आणि हमालांच्या दीर्घ लढ्यानंतर १९६९चा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याने हमालाची मजुरी मंडळामार्फत देण्याची आणि तीवर लेव्ही घेऊन त्याच्या भविष्यनिर्वाहाची सोय करण्याची व्यवस्था आणली. हमालीची रक्कम ‘इतर खर्च’ अशा गोळाबेरजेत बुडाली तर हमालाला काय मिळाले हे शेतकऱ्याला कळणार नाही आणि शेतकऱ्याकडून काय घेतले हे हमालाला कळणार नाही. दोघेही कष्टकरी, पण एकमेकांवर संशय घेतील. ओळ वेगळी असली की भांडणाला जागा उरत नाही. तोलाईचे तसेच.

आडतीचेही तसेच झाले. २०१६च्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची आडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. बाजारांत त्यावरून बंद झाले, वाद झाले. शेतकऱ्यापुरता या निर्णयाचा अर्थ पट्टीवर वाचता येत होता: वजा खर्चाखालची एक ओळ गळली. ती ओळ आधी स्वतंत्र लिहिलेली होती म्हणून तिचे जाणे दिसले. सगळा खर्च एकाच आकड्यात दडलेला असता तर आडत गेली की दुसऱ्या नावाने परत आली, हे कोणाला कळले असते?

प्रोग्रॅमरांचा पेटा

इकडे संगणकाच्या जगात हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. धंद्याच्या हिशेबासाठी १९५९-६०च्या सुमारास कोबॉल ही भाषा आखली गेली. तिच्यात एका नोंदीच्या पोटात दुसरी नोंद असेल तर तिला पातळीचा क्रमांक द्यावा लागतो. मुख्य नोंदीला ०१, तिच्या भागांना ०५, भागाच्या भागांना १०, आणि प्रत्येक पातळी एक पायरी आत लिहायची रीत. सिरा आणि पेट्याला क्रमांक दिले तर हेच होईल. १९६६ साली पीटर लँडिन या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने, ओळ किती आत आहे यावरूनच ती कोणाच्या पोटातली हे यंत्राने ठरवावे, अशी कल्पना मांडली. १९९१ साली जगापुढे आलेल्या पायथन भाषेने ती व्यवहारात रुळवली.

लांबलचक यादी अनेक ओळींत लिहिताना मात्र यंत्राला ओळींची गरज नसते. कंसाच्या आत सगळे एका रांगेत कोंबले तरी यंत्र वाचते. तिथली मांडणी निव्वळ माणसासाठी असते, आणि म्हणूनच तिच्यावर वर्षानुवर्षे वाद चालले. कंस उघडल्यावर पहिली बाब त्याच ओळीत लिहायची की पुढच्या? चार जागा आत जायचे की कंसाच्या बरोबर खाली? मिटणारा कंस कुठे ठेवायचा? पायथनची शैली ठरवणारा पेप-८ हा दस्तऐवज २००१ सालचा. मिटणारा कंस शेवटच्या बाबीच्या सरळ रेषेत ठेवावा किंवा यादी जिथून सुरू झाली त्या ओळीच्या आरंभाच्या सरळ रेषेत, असे दोन्ही पर्याय तो मान्य करतो. दुसऱ्या पर्यायात उघडणारी ओळ आणि मिटणारा कंस एकाच कडेला येतात आणि मधले सगळे आत राहते. फडणिसाच्या माथ्याच्या आणि पायथ्याच्या बेरजांनी हेच काम केले.

एका ओळीत एकच बाब लिहावी आणि शेवटच्या बाबीनंतरही स्वल्पविराम द्यावा, अशीही रीत पडली. कारण व्यवहारी आहे. उद्या यादीत एक बाब वाढली तर एकच नवी ओळ दिसते. जुन्या ओळींना हात लागत नाही. कोणी, कधी, काय बदलले हे तपासणाऱ्याला तेवढी एक ओळ पाहून कळते. वहीत प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळ देण्यामागेही हाच विचार होता: मागाहून घुसवलेले उघडे पडावे. २००९ साली आलेल्या गो या भाषेने तर वादच मिटवला. गोफम्ट नावाचे साधन तिच्यासोबतच आले. ते साऱ्यांचे लेखन एकाच ठेवणीत बसवते आणि कोणाची आवडनिवड विचारत नाही. हजारो अनोळखी माणसांनी एकमेकांचे लेखन वाचायचे असेल तर एक ठेवण लागते, हे हुजूर दफ्तराला ठाऊक होते.

पुणे या दोन्ही कथांचे गाव आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथेच घडवला. त्यानंतर वाढलेल्या सॉफ्टवेअर उद्योगात आज असंख्य तरुण रोज याद्या आत-बाहेर सरकवत बसलेले असतात. मार्केट यार्डातल्या पट्ट्याही आता बहुतेक संगणकावर निघतात. शेतकऱ्याच्या हातातला कागद कसा दिसेल हे ठरवण्याचे काम दिवाणजीकडून प्रोग्रॅमरकडे आले आहे.

या तरुणांपुढे मला एक मागणी ठेवायची आहे. आपले लेखन सहकाऱ्याला वाचता यावे म्हणून तुम्ही एकेका कंसाच्या जागेवर तासभर वाद घालता, ते योग्यच आहे. तीच काळजी त्या लेखनातून छापल्या जाणाऱ्या पट्टीची घ्या. शेतकऱ्याच्या मोबाइलवर नुसती निव्वळ रक्कम पाठवली की काम संपले असे समजू नका. एकूण रक्कम बाहेर, तिची फोड आत, एका ओळीत एकच कपात, प्रत्येक कपातीला तिचे रूढ नाव आणि शेवटी पुन्हा जुळणारी बेरीज, एवढे पाचच नियम. त्यांना कागद जास्त लागत नाही आणि यंत्राला श्रम पडत नाहीत. कमावणाऱ्याला आपल्या पैशाचा हिशेब कोणाला न विचारता, उभ्या उभ्या तपासता आला पाहिजे. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी हा हक्क १८७९ साली कायद्यात मिळवला; तो पट्टीवर उतरवणे ही आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.